झरोका की कोनाडा? मस्टँगच्या कुशीवरील एका छिद्राचा इतिहास

१/
जुन्या वाड्याच्या भिंतीत दोन प्रकारच्या पोकळ्या असतात. एक झरोका: भिंतीच्या आरपार गेलेला, वारा आणि उजेड आत आणणारा. दुसरा कोनाडा: समोरून तसाच कमानदार, पण पाठीमागे भिंत असलेला. कोनाड्यात पणती ठेवता येते. त्यातून वारा मात्र येत नाही. लांबून पाहणाऱ्याला दोहोंतला भेद कळेलच असे नाही. आत हात घालून पाहावे लागते. १९६० च्या दशकातील अमेरिकन ‘मसल कार’च्या पत्र्यावर असेच झरोके आणि कोनाडे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मागच्या चाकांच्या अलीकडे, दाराच्या मागे, पुढे तोंड करून बसलेली ही छिद्रे म्हणजे ‘स्कूप’. त्यांतली कोणती ब्रेकला हवा देत होती, कोणती केवळ शोभेची होती आणि शोभेच्या छिद्राची गरज मुळात कोणाला पडली, याचा हा इतिहास.

२/
प्रथम या गाड्यांची ओळख. मध्यम आकाराची, परवडणारी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे व्ही-८ इंजिन बसवायचे, हे मसल कारचे सूत्र. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही या घराण्याची मूळपुरुष मानली जाते. तिच्या पोटात ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन होते. त्याच वर्षी आलेली फोर्ड मस्टँग काटेकोर वर्गीकरणात ‘पोनी कार’ ठरते; पण ब्रेकच्या हवेची कथा तिच्यावाचून सांगता येत नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, पहिल्या जीटीओच्या बॉनेटवर दोन स्कूप होते आणि ते दोन्ही बंद होते. मूळपुरुषाच्याच कपाळावर कोनाडा कोरलेला होता.

३/
ब्रेकला हवा का लागते? धावणाऱ्या गाडीत साठलेली गतिज ऊर्जा थांबताना नाहीशी होत नाही. ती उष्णता होते. १,६०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १६ लाख ज्यूल ऊर्जा असते. जवळपास पाच लिटर पाण्याला उकळी आणण्यास ती पुरेशी आहे. जोरात ब्रेक दाबला की ही सगळी उष्णता सहा-सात सेकंदांत चार चाकांमधल्या लोखंडात उतरते. तेवढा वेळ ब्रेक सव्वातीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाइतके काम करीत असतात, तेही उलट दिशेने. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणून इंजिन मोठे करणाऱ्याने ब्रेकचा हिशेब आधी मांडायला हवा होता. तसे क्वचितच झाले.

४/
त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबडे. त्याच्या आतल्या भिंतीवर ब्रेक शू दाबले जातात. उष्णता निर्माण होते डब्याच्या आत, आणि बाहेर पडायला वाट अरुंद. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर सरकतो. लायनरची पकडही उष्णतेने घटते. चालक पेडल दाबतो, पेडल खाली जाते, गाडी मात्र थांबत नाही. खंडाळा किंवा कसारा घाट उतरणाऱ्या ट्रकमागे जळक्या लायनरचा वास ज्याने घेतला आहे, त्याला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. घाटात गियर खाली टाकून उतरण्याचा वडीलधाऱ्या चालकांचा दंडक याच उष्णतेमुळे पडला आहे.

५/
अशा ब्रेकला स्कूपने मदत करायची, तर केवळ छिद्र पुरत नाही. तीन गोष्टी लागतात. पहिली, तोंड: जिथे हवेचा दाब अधिक आहे अशा जागी आणि पत्र्याला चिकटून वाहणाऱ्या मंद थरापासून जरा बाहेर आलेले. दुसरी, वाट: तोंडापासून चाकापर्यंत जाणारी नळी. तिसरी, सुटका: तापलेली हवा निघून जाण्याची सोय. यांतले एक जरी नसले, तरी स्कूप शोभेचा ठरतो.

आणखी एक बाब. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे अधिक काम पुढची चाके करतात. तरीही मसल कारवरचे बहुतेक ‘ब्रेक स्कूप’ दिसतात ते मागच्या चाकांपुढे. तहान जिथे कमी, तिथे पाणपोई. या एकाच निरीक्षणावरून पुष्कळ काही उलगडते.

६/
शोभेच्या छिद्रांची परंपरा मसल कारपेक्षा जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली स्वतंत्र रचना विभाग उभारला आणि दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याची रीत अमेरिकेत रुजली. आतले यंत्र तेच, वस्त्र नवे. १९४९ च्या ब्युइकच्या पुढच्या मडगार्डवर गोल भोके आली. सुरुवातीच्या गाड्यांत ती इंजिनाच्या कप्प्यातली गरम हवा खरोखर बाहेर सोडत. लवकरच ती बंद झाली, पण पत्र्यावर कायम राहिली. रोडमास्टर या सर्वांत महाग गाडीला प्रत्येक बाजूस चार, धाकट्या गाड्यांना तीन. हवा जायची थांबली आणि छिद्र हे मानचिन्ह झाले. दरबारात मनसबीवरून माणसाचा दर्जा ओळखावा, तसा रस्त्यावर भोके मोजून मालकाचा दर्जा ओळखला जाऊ लागला.

७/
पुरातत्त्वात या प्रकाराला ‘स्क्यूओमॉर्फ’ अशी संज्ञा आहे: मूळ साधनात जो भाग कामाचा होता, तो नव्या साधनात काम संपल्यावरही आकार म्हणून उरतो. इतिहासाच्या मराठी वाचकाला याचे उत्तम उदाहरण घराजवळच मिळते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानदार फासळ्या आहेत. छत डोंगराच्या अखंड खडकात कोरलेले. त्याला आधाराची काडीमात्र गरज नाही. पण त्याआधीची सभागृहे लाकडाची असत आणि फासळ्यांवाचून चैत्यगृह हे चैत्यगृह वाटलेच नसते. तिथे कोणी फसवणुकीचा आरोप करीत नाही. मग मस्टँगच्या बंद स्कूपवर तो का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. त्यासाठी त्या स्कूपचा जन्म पाहावा लागतो.

८/
१९६२ च्या उन्हाळ्यात फोर्डच्या वेगवेगळ्या रचना-चमूंमध्ये नव्या छोट्या गाडीसाठी स्पर्धा लागली. जो ओरोस यांच्या चमूची प्रतिकृती निवडली गेली आणि तिचीच पुढे मस्टँग झाली. चमूला दिलेल्या सूचनांविषयी ओरोस यांनी नंतर जे सांगितले, त्यात एक तपशील मोलाचा आहे: गाडीला युरोपीय धाटणी हवी होती, आणि मागच्या ब्रेकना थंड करण्यासाठी बाजूला हवा घेणारी तोंडे हवी होती. म्हणजे कल्पनेच्या पातळीवर ते छिद्र झरोकाच होते. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. दारापासून मागे जाणारी इंग्रजी ‘सी’सारखी खोलगट घडी तिच्या कुशीवर होती, घडीच्या शेवटी चाकापुढे स्कूपचा आकारही होता. आत मात्र पत्रा होता.

९/
हे बंद छिद्र हिशेबाला धरून होते. पत्र्याला भोक पाडले की नळी आली, जोडणी आली, पावसाचे पाणी आणि चिखल आला, पाठोपाठ गंजही आला. मस्टँगची सुरुवातीची किंमत होती २,३६८ डॉलर आणि खालचा बराचसा सांगाडा फाल्कन या साध्या कौटुंबिक गाडीचा. मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, १०१ अश्वशक्तीचे. असल्या गाडीने बाजारहाट करणाऱ्याचे ब्रेक कधी तापणार? त्याला झरोक्याची गरजच नव्हती. त्याला हवी होती ती शर्यतीच्या गाडीची सावली. ती त्याला मिळाली, आणि १९६६ च्या मार्चपर्यंत दहा लाख मस्टँग तयार झाल्या. कार्ल्याच्या फासळ्यांप्रमाणेच हा आकार निरुपद्रवी होता, जोवर गाडीचा वेग आकाराच्या वचनाबाहेर जात नव्हता.

१०/
ते वचन कोणीतरी शब्दशः घेणे अपरिहार्य होते. कॅरोल शेल्बी या माजी शर्यतपटूने लॉस एंजेलिसमध्ये मस्टँगवर काम करून १९६५ साली जीटी ३५० घडवली. पुढच्या चाकांना ११.३ इंची केल्सी-हेज डिस्क, मागे रुंद ड्रम, त्यांना धातुमिश्रित लायनर. किंमत ४,५४७ डॉलर, जवळजवळ दोन मस्टँगची. तिच्या शर्यतीच्या आवृत्तीला पुढचा बंपरच नव्हता. त्या जागी फायबरग्लासचा भाग, त्यात मधोमध ऑइल कूलरसाठी मोठी फट आणि दोन बाजूंना ब्रेकसाठी दोन छोटी भोके, भोकांमागे नळ्या. त्या भोकांना चकाकी नव्हती, की डौल नव्हता. पण १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय शर्यतींतील बी-प्रॉडक्शन वर्गाचे अजिंक्यपद या गाडीकडे राहिले.

११/
१९६६ च्या जीटी ३५० मध्ये ती घटना घडली, जिच्यामुळे ही कथा सांगण्याजोगी झाली. मस्टँगच्या कुशीवर, जिथे दोन वर्षे बंद आकार बसला होता, नेमक्या त्याच जागी शेल्बीच्या माणसांनी खरा स्कूप बसवला आणि तिथून मागच्या ब्रेककडे हवा नेली. ओरोस यांच्या चमूने कल्पिलेले, जमाखर्चाने बुजवलेले छिद्र असे अखेर उघडले. मूळ हेतू कामाचा, उत्पादन शोभेचे, आणि शोभेकडे पाहून दुसऱ्या कुणी तिला पुन्हा कामाला जुंपले. एरवी साधन आधी जन्मते आणि अलंकार मागून येतो. इथे अलंकारानेच साधनासाठी जागा राखून ठेवली होती.

१२/
कथा इथे संपली असती, तर ‘खरा स्कूप चांगला, खोटा वाईट’ असे सुभाषित पुरले असते. पण त्याच १९६६ साली हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने सुमारे एक हजार जीटी ३५० घेतल्या. आता शर्यतीचे ब्रेक सामान्य भाडेकऱ्याच्या पायाखाली आले. धातुमिश्रित लायनरची खोड अशी की, ते तापल्यावर उत्तम धरतात. थंड असताना पेडल बरेच दाबावे लागते. विमानतळावरून हॉटेलकडे निघालेल्या प्रवाशाला पहिल्याच सिग्नलला गाडी थांबेना असे वाटे. शेवटी डॅशबोर्डवर सूचना चिकटवावी लागली: हे शर्यतीचे ब्रेक आहेत, नेहमीपेक्षा जास्त जोर लागेल. बाजूचे स्कूप उघडे होते, पण जे ब्रेक मुळात तापतच नाहीत त्यांना थंड हवेचा उपयोग काय? छिद्र खरे आणि प्रवास साधा असेल, तर झरोकाही शोभेचाच ठरतो.

१३/
याच्या नेमके उलट उदाहरण शेव्हरोले कॉर्वेटचे. १९५७ साली तिच्यासाठी शर्यतीच्या तयारीचा एक संच मिळू लागला: पाखे असलेले ड्रम, पाठीमागच्या ताटल्यांना हवेची भोके, त्यांवर हवा वळवणारे पंखे; आणि मागच्या ब्रेककडे दाराखालच्या पोकळ भागातून नेलेली हवेची वाट. त्याच वर्षी सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत कॉर्वेटने आपला वर्ग जिंकला. १९६३ च्या झेड०६ संचातही ब्रेककडे हवा वळवणारे असेच रुंद कान होते. त्यांना ‘हत्तीचे कान’ म्हणत. हे सारे चाकाआड दडलेले, वाकून पाहिल्याशिवाय न दिसणारे. आणि त्याच १९६३ च्या कॉर्वेटच्या बॉनेटवर, सर्वांच्या नजरेसमोर, हवेच्या दोन जाळ्या होत्या. त्या बंद होत्या. पुढच्याच वर्षी काढून टाकल्या गेल्या.

१४/
एकाच गाडीत दिसणारी हवा खोटी आणि खरी हवा अदृश्य, अशी ही वाटणी. झेड०६ चा संच १,८१८ डॉलरचा होता आणि फक्त १९९ गाड्यांना तो बसला. बॉनेटवरच्या जाळ्या मात्र त्या वर्षीच्या प्रत्येक खरेदीदाराला मिळाल्या.

दोहोंचा मेळ घालणारे एक देखणे उदाहरणही आहे. १९६० ते १९६८ या काळात पाँटिअ‍ॅकने काही मोठ्या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमची आठ नटांची चाके दिली. त्यांत ब्रेकचा ड्रमच चाकाचा मधला भाग होता, उष्णता सोडणारे त्याचे पाखे उघडे, वाऱ्यात फिरणारे. लोक त्यांवर लुब्ध झाले ते रूपासाठी. पण ते रूप म्हणजेच काम होते. उपयोग आणि सौंदर्य यांना वेगळे काढणे ही निसर्गाची सक्ती नव्हे, हे ही चाके दाखवतात.

१५/
मात्र दशकाच्या उत्तरार्धात बाजार दुसऱ्या दिशेने गेला. १९६७ च्या साध्या मस्टँगवर एकाऐवजी दोन खोटे स्कूप आले. त्याच वर्षीच्या शेल्बीवर खालचा स्कूप ब्रेकसाठी आणि वरचा आतली कोंदट हवा बाहेर काढण्यासाठी, असे दोन खरे. १९६९ च्या मस्टँग फास्टबॅकवर मागच्या चाकाच्या वर, खिडकीखाली पुन्हा बंद स्कूप. १९६९ च्या शेव्हरोले कॅमरोवर मागच्या चाकांपुढे माशाच्या कल्ल्यांसारख्या उभ्या चिरा. श्वास न घेणारे कल्ले. १९७० च्या डॉज चार्जर आर/टीच्या दारांवर तर मागे तोंड असलेले स्कूप होते, तेही बंद. इंजिने दरवर्षी मोठी होत होती आणि पत्र्यावरची छिद्रे दरवर्षी वाढत होती. ब्रेक त्या गतीने सुधारत नव्हते.

१६/
१९६९ च्या कॅमरोचे आकडे बोलके आहेत. त्या वर्षी चारही चाकांना डिस्क ब्रेक घेण्याचा पर्याय उपलब्ध होता. किंमत सुमारे ५०० डॉलर. गाडीची मूळ किंमत तीन हजारांच्या आत असताना ही रक्कम लहान नव्हती. सुमारे २ लाख ४३ हजार कॅमरो तयार झाल्या. त्यांपैकी हा पर्याय घेतलेल्या गाड्या जेमतेम दोनशेवर. केवळ पुढच्या चाकांना डिस्क घेण्याचा स्वस्त मार्ग होता आणि तो अनेकांनी पत्करला, हे न्यायाने नोंदवायला हवे. तरीही प्रमाण डोळ्यांत भरते. थंड ब्रेकची खूण पत्र्यावर आयती मिळत होती; थंड ब्रेक विकत घ्यावे लागत होते. ज्याच्या हाती खूण आली, त्याला वस्तू आल्याचा भास होणे अस्वाभाविक नव्हते.

१७/
असे का झाले? मसल कारची कसोटी पाव मैलाची होती: ४०२ मीटर सरळ रस्ता आणि घड्याळ. तिथे ब्रेक लागतो तो एकदाच, निकाल लागल्यानंतर. मासिके, जाहिराती, नाक्यावरच्या गप्पा, सगळीकडे मोजला जाई तो वेग घेण्याचा काळ. थांबण्याचे अंतर क्वचित. सेब्रिंगसारख्या वळणावळणाच्या शर्यतीत जे सत्य पहिल्या तासात उघडे पडते, ते सरळ पट्टीवर वर्षानुवर्षे झाकले राहू शकते.

पण गिऱ्हाईक काही सरळ पट्टीवर राहत नव्हते. विशीतला तरुण शनिवारी रात्री मित्रांना घेऊन डोंगराळ रस्त्याने निघे. त्याच्या हाती ४२५ अश्वशक्तीपर्यंतची इंजिने आली होती, आणि पायाखाली बहुधा ड्रम. उताराच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल मऊ लागले की त्याला कळे, कुशीवरचे छिद्र आरपार नाही.

१८/
१९६६ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर पन्नास हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतले किती मृत्यू तापलेल्या ब्रेकच्या खाती टाकावेत, हे स्कूपवरून काढणे हा इतिहास नव्हे. पण रचना, विक्री आणि सुरक्षितता यांचा संबंध याच वर्षांत सार्वजनिक प्रश्न झाला, हे निश्चित. राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ १९६५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. १९६८ पासून नव्या गाड्यांच्या ब्रेकची द्रवप्रणाली दुहेरी असणे बंधनकारक ठरले, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरी काम करील. या सुधारणेची कोणतीही खूण पत्र्यावर दिसत नाही. जीव वाचवणारी गोष्ट बॉनेटखाली मुकाट बसली. तिला स्कूप नव्हता.

१९/
झगमगाटाच्या ऐन भरात एका माणसाने उलट पाऊल टाकले. लॅरी शिनोडा हे जपानी वंशाचे अमेरिकन रचनाकार. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे बालपण मांझानारच्या स्थानबद्धता छावणीत गेले होते. पुढे जनरल मोटर्समध्ये नाव कमावून ते १९६८ मध्ये फोर्डकडे आले आणि शर्यतीसाठी घडवल्या जाणाऱ्या मस्टँग बॉस ३०२ चे रूप त्यांच्याकडे आले. त्यांनी मागच्या बाजूचे खोटे स्कूप काढून टाकले आणि पत्रा सपाट केला; पुढे हवा कापणारी पट्टी दिली. जी गाडी खरोखर शर्यतीत उतरणार होती, तिला शर्यतीच्या सोंगाची गरज नव्हती. १९७० मध्ये तो स्कूप साध्या मस्टँगवरूनही गेला, आणि त्याच वर्षी ट्रान्स-अ‍ॅम मालिकेचे अजिंक्यपद बॉस ३०२ ने मिळवले.

२०/
पण आकार सहजासहजी मरत नाहीत. विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयीचे कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांनी मसल कार संपवली. शोभेचा स्कूप त्यांनाही पुरून उरला. १९७६ च्या मस्टँग कोब्रा २ च्या बॉनेटवर ऐटदार स्कूप होता, खाली अगदी बेताचे इंजिन, आणि स्कूप बंद. ताकद गेली, तिचे बिरूद राहिले. पडत्या काळातल्या संस्थानिकांच्या पदव्या लांबत जाव्यात, तसेच हे. ज्या काळात वस्तू दुर्बळ होते, त्याच काळात तिची चिन्हे अधिक ठळक होतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

२१/
आज या गाड्या संग्रहात आणि मेळ्यांत उभ्या असतात, आणि अभ्यासकापुढे वेगळाच पेच टाकतात. कित्येक मालकांनी हौसेने बंद स्कूप उघडले, नळ्या जोडल्या. साध्या मस्टँगवर शेल्बीचे स्कूप बसवले. तर दुरुस्तीत काही खऱ्या वाटा बुजल्या. बखरीत नंतरच्या लेखनिकाने घातलेले श्लोक ओळखावेत, तसे इथे मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हे ठरवावे लागते. रीत साधी आहे. तोंडाकडे न पाहता शेवटाकडे पाहावे. पत्र्याच्या मागे खरे भोक आहे का? नळी कुठे निघते? ब्रेकच्या ताटलीपाशी ती पोहोचते का? कागदोपत्री तो पर्याय त्या वर्षी मिळत होता का? वस्तूही दस्तऐवजच असते. तिलाही उलटतपासणी लागते.

२२/
मग बंद स्कूप खोटा म्हणायचा का? कार्ल्याच्या फासळ्या खोट्या नाहीत, कारण छत पेलण्याचा भार कोणी त्यांच्यावर सोडलेला नाही. पाहणाऱ्याचा जीव खडकावर विसंबून आहे आणि खडक भक्कम आहे. १९६४ च्या शंभर अश्वशक्तीच्या मस्टँगचेही तसेच. पण तोच आकार चारपट ताकदीच्या गाडीवर, तापणाऱ्या ड्रमसमोर बसवला, की त्याचा अर्थ पालटतो. तिथे तो रिकाम्या जागेवर बसत नाही. जिथे खरे काहीतरी असायला हवे होते, तिथे बसतो.

अलंकार अपराधी नसतो. अपराध तेव्हा घडतो, जेव्हा कोनाड्याकडे बोट दाखवून झरोक्याचे पैसे वाचवले जातात. त्या बंद छिद्रांकडे आज पाहताना म्हणून हसू येऊ नये. लाखो तरुणांना वेगाची हौस होती. त्या हौसेचा आकार त्यांच्या गाड्यांच्या कुशीवर कोरलेला आहे. तिची जबाबदारी मात्र फार थोड्या गाड्यांच्या चाकांआड सापडते. फरक कळायला आजही एकच उपाय आहे: आत हात घालून पाहणे.